वाकळेची सबब

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा 'माझा आवडता छंद' हा निबंध सहामाहीला हमखास पडायचा, आणि दर वेळी निम्मा वर्ग पोस्टाची तिकिटं जमवायचा. आमच्या वाडीला पोस्टमन यायचा तो कुणाची मनीऑर्डर असली तर. तिकिटं येणार कुठून आणि जमणार कुणाकडे? पण गाईडात तिकिटं होती, म्हणून पोरांच्या वहीतही तिकिटं. उरलेला निम्मा वर्ग पोहायचा. खटाव तालुक्यातल्या ज्या ओढ्याला पाणी दिसायला भाद्रपद उजाडावा लागतो, त्या ओढ्याकाठची ही पोहणारी मंडळी! एका पोरीनं मात्र सरळ लिहून टाकलं होतं, 'मला छंद नाही. मी आईला वाकळ शिवू लागते.'

निबंध तिथंच संपला होता, पण आमच्या भागातल्या बायकांचं सगळं त्यात आलं होतं. आमच्याकडे छंद पुरुषांना असतात. बैल, तमाशा, निवडणूक आणि अलीकडे मोबाईल. बाईला काम असतं. ती नुसती बसलेली दिसली तर आजारी असणार किंवा रुसलेली असणार, हा गावाचा ठोकताळा. लग्न होऊन आले त्या वर्षी मी दुपारचा जरा पेपर उघडला की 'आज लई निवांत झालीस जणू' म्हणत आत्याबाई तांदळाची परात पुढ्यात आणून ठेवायच्या. आणि त्याच आत्याबाई त्याच सोप्यात, त्याच खांबाला टेकून, अख्खी दुपार सुई धरून बसायच्या. तोंडानं बारा गावच्या गोष्टी चालू, मधेच चहा, मधेच मशेरी. तरी रस्त्यानं जाणारा माणूस म्हणायचा, 'म्हातारीच्या हाताला जरा उसंत नाही बघा.'

वाकळ ही बायकांनी हुडकून काढलेली फार नामी सबब आहे, असं माझं जुनं मत आहे. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात वाकळ, आणि खाली कर्नाटकात उतरलं की कौदी. वस्तू तीच. घरातली फाटकी लुगडी, धोतरं, सदरे एकावर एक घालायचे, त्यांत दोरे भरायचे आणि थंडीची सोय करायची. यात खोट काढायला जागाच नाही. पैसा खर्च होत नाही, कापड वाया जात नाही, बाई उंबऱ्याबाहेर जात नाही. शिवाय संतांचा आशीर्वाद. अंगावर चिंध्या पांघरून गावं झाडत हिंडणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. अशा वस्तूत काही चैन असेल अशी शंका तरी कुणाला यावी? काटकसरीचं नाव पुढं केलं की मागे बसून बायका काय काय करतात याची चौकशी पुरुषांनी कधी केली नाही.

केली असती तर ती आधी कोपऱ्यांपासून करायला हवी होती. थंडीनं कुडकुडणाऱ्या माणसाला आपल्या पायाशी लाल तिकोन आहे का हिरवा, यानं काय फरक पडतो? तरी वाकळेच्या चारी कोपऱ्यांना उठावाचे तुकडे लागतातच. कडेनं गोट लागतो, आणि तो इरकलीच्या काठाचा मिळाला तर बाई दोन दिवस हवेत असते. मधे शंकरपाळीच्या आकाराची ठिगळं बसवतात. ठिगळ म्हटलं की खाली भोक असणार असं बघणारा धरून चालतो. भोक कुठंच नसतं. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या रानात सिद्दी लोकांची वस्ती आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांतले बरेच गोव्यातून निसटून घाटावरच्या जंगलात शिरले, आणि आजही घरात कोकणीच्या वळणाची बोली बोलतात. त्यांच्या बायका शिवतात त्या वाकळेला कवंदी म्हणतात. कडेपासून सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं, ही त्यांची रीत. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेली तिकोनी फुलं बसवायची. ती नसली तर कवंदी नागडी राहिली असं त्या मानतात. पांघरूण नागडं! अंगाला पुरतंय, ऊब देतंय, तरी नागडं. हा विचार ज्या बाईच्या डोक्यात पहिल्यांदा आला तिला माझा दंडवत.

आमच्याकडे या कामाचा हंगाम ठरलेला आहे. शाळू निघाला, मळणी झाली, कडब्याची गंज रचली, की सुगी सरते आणि माळ्यावरची बोचकी खाली येतात. तिथून मृगापर्यंत वाकळा. म्हणजे पारा चाळिशीला टेकलेला असताना बायका थंडीची तयारी करत बसतात. विचारलं तर उत्तर तयार असतं, 'पेरणी लागल्यावर येळ कुठं मिळतोय?' खरं तर वर्षातला हा एवढाच काळ असा असतो की चौघी एका जागी बसल्या तरी कुणाचं काही खोळंबत नाही.

वाकळ अंथरताना बघावी. साडेपाच मीटरची साडी मधोमध फाडली की पावणेतीन मीटरचे दोन पट्टे होतात. ते अंगाला अंग लावून जोडले की सव्वादोन मीटरच्या आसपास पन्हा मिळतो. हा झाला तळ. वरच्या अंगाला अशीच दुसरी साडी. नऊवारी असली तर गोटाचं कापडही तिच्यातच निघतं. तळ जमिनीवर ताणून पसरायचा, एका टोकावर वरवंटा, दुसऱ्यावर बत्ता, तिसऱ्यावर पितळी तांब्या, आणि चौथ्याला काही सापडलं नाही तर एखादं नातवंड बसवायचं. मग मधली भर. खरं कसब या भरीत असतं. धोतराचा धड भाग मध्यावर, कारण तिथं माणूस घासतं. जाड शर्टांच्या पाठी कडेला. परकराचे नेफे, कॉलरी, काज, बटणं आधी उसवून काढायची, नाहीतर रात्रभर कुणाच्या तरी बरगडीत बटण रुतत राहतं. आमच्या भावकीतल्या एका सुनेच्या वाकळेत असं बटण राहिलं होतं. ती सून आता आजी झाली, पण गावात तिचा पत्ता सांगताना अजून बटणाचा उल्लेख होतो. भर घालून झाली की डोळे मिटून तळहात फिरवायचा. जिथं खड्डा लागला तिथं एक तुकडा सरकवायचा. मग लांब टाच्यांनी सगळं जागच्या जागी धरायचं आणि चौघींनी चार बाजूंना बसायचं.

टाका एकच, धावदोरा. चौथीतल्या पोरीलाही येईल इतका सोपा, आणि म्हणूनच त्यात कुणाचं काही लपत नाही. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवणारी बाई वेगळी, चार बोटं ठेवणारी वेगळी. आमच्या जाऊबाईंचा टाका तांदळाएवढा, वरून जेवढा तेवढाच खालून. शेजारच्या वैनींचे टाके सुरुवातीला बारीक असतात, आणि त्यांच्या दिराचा विषय निघाला की लांब होत जातात. वाकळ पुरी झाल्यावर कुठल्या अंगाला कोण बसलं होतं हे आमच्यात कुणीही सांगेल. वैनींच्या अंगाला तर बोलणं नेमकं कुठं तापलं होतं हेही बोट ठेवून दाखवता येतं.

चाळिशीनंतर सुईत दोरा ओवणं म्हणजे परावलंबन. त्यासाठी पोरं धरायची. खेळायला सुटण्याआधी प्रत्येकानं पाच-सहा सुया ओवून वाकळेच्या कडेला ओळीनं टोचून ठेवायच्या, हा आमच्याकडचा कर आहे आणि तो आजवर कुणाला चुकवता आलेला नाही. सुई जड चालायला लागली की तेल लावलेल्या केसांतून एकदा फिरवायची, लगेच वठणीवर येते. बोटात अंगुस्तान घालायचं असतं, पण ते वेळेवर सापडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा असतो त्याच्या जागी. दिवेलागणीनंतर सुई उसनी मागायची नाही आणि द्यायचीही नाही, लक्ष्मी जाते म्हणतात. अंधारात डोळे फोडून शिवत बसणाऱ्या सुनेला उठवायची ही कुण्या मायाळू सासूची युक्ती असावी असा माझा कयास आहे. तशा सासवा असतात, क्वचित.

दोरा विकत आणणं ही पूर्वी उधळपट्टी होती. खताच्या नाहीतर साखरेच्या पोत्याचं तोंड ज्या दोऱ्यानं शिवलेलं असतं, तो जपून ठेवायचा. या शिवणीत एक गंमत आहे. योग्य टोकाकडचा दोरा सोडवून ओढला तर सर्रकन अख्खं तोंड उघडतं आणि हातात सलग दोरा येतो. दुसऱ्या टोकाकडून ओढलं की ती आवळून बसते, मग कात्री, मग तुकडे. कुठलं टोक योग्य, हे आमच्या यांना उभा जन्म पोती फोडूनही उमगलेलं नाही. ते सरळ विळा घालतात. 'अहो, विळा नको, विळा नको' करत मी गोठ्याकडे पोचेपर्यंत खत सांडलेलं असतं आणि दोऱ्याची खांडोळी झालेली असते. पोत्याचा दोरा पांढरा, म्हणून आमच्याकडच्या जुन्या वाकळांवर सगळ्या ओळी पांढऱ्याच दिसतील. रंगीत रिळं मागाहून आली, आणि गावात पहिलं गुलाबी रीळ आणणारी बाई बराच काळ नखरेल म्हणून ओळखली गेली.

वाकळेचा वैरी कोण म्हणाल तर उंदराच्या आधी बोहारीण. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत स्टील, आणि जुन्या लुगड्यांवर पातेलं. तिला जरीचा काठ पाहिजे, आम्हालाही जरीचा काठ पाहिजे. ती लुगडं उजेडात धरून 'विरलंय की वो आक्का' म्हणणार. विरलेलं कापडच वाकळेला चांगलं हे तिलाही ठाऊक आणि आम्हालाही, कारण सुती लुगडं धुऊन धुऊन निम्मं झिजल्याशिवाय त्याला मऊपणा येत नाही. नवजात बाळाच्या दुपट्याला तर घरातलं सगळ्यांत जुनं आणि मऊ लुगडं लागतं. नवं कापड अंगाला कडक लागतं, म्हणून जगात आलेल्या माणसाचं पहिलं वस्त्र आजीनं वापरून झिजवलेलं असतं. एवढ्या मोलाची वस्तू डब्याच्या झाकणावर कोण देईल? आत्याबाई अशा वेळी आत जाऊन एक नायलॉनची साडी आणायच्या आणि बोहारणीच्या पुढ्यात टाकायच्या. नायलॉनच्या साड्या निघाल्या तेव्हा केवढं अप्रूप होतं त्यांचं! धुवायला सोप्या, वाळायला सोप्या, इस्त्री नको. पण वाकळेनं त्यांना कधी घरात घेतलं नाही. थर एकमेकांवरून घसरतात, ऊब यथातथा, घाम उदंड. माझ्या कपाटातल्या निम्म्या साड्या आता याच जातीच्या आहेत. नातवंडांच्या वाट्याला माझ्याकडून धड वाकळ येणं कठीण दिसतं.

आत्याबाई गेल्या 2017 च्या संक्रांतीनंतर. त्या उन्हाळ्यात त्यांच्या वाकळेचे दोरे तुटायला लागले म्हणून आम्ही ती उसवायला घेतली. जुनी वाकळ टाकून देत नाहीत, ती नवीच्या पोटात भर म्हणून जाते. उसवता उसवता जाऊबाईंची बोटं एका जागी थांबली. आत धोतराच्या तुकड्याची चौकोनी पुरचुंडी होती, चारी बाजूंनी शिवलेली, आणि तिच्यात पाचशेच्या नोटा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय तोवर पुतण्या शांतपणे म्हणाला, 'काकू, ह्या बंद झाल्यात.' 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री ज्या बंद झाल्या त्याच या. बँकेत भरायची मुदत 30 डिसेंबरला संपली होती. आणि ते दोन महिने आत्याबाई हीच वाकळ पांघरून, टीव्हीवर बँकांपुढच्या रांगा बघत, 'काय बाई लोकांचं हाल' म्हणत पडून होत्या! पोरांना सांगितलं असतं तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण आपल्याजवळ स्वतःचे पैसे होते हे कबूल करण्यापेक्षा ते बुडालेले त्यांना परवडले असावेत. दहापेक्षा जास्त जुन्या नोटा जवळ बाळगायला त्याच वर्षी कायद्यानं बंदी आली होती. या दहाच्या आत होत्या. जाऊबाईंनी पुरचुंडी होती तशी शिवली आणि नव्या वाकळेच्या भरीत सरकवली.

या सगळ्या सबबीचं पितळ उघडं पडायचं ते वर्षातून एकदा, दसरा काढताना. घटस्थापनेच्या आधी घरातलं झाडून सगळं धुऊन काढायचं, त्याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. तेव्हा ओढ्याला पाणी आलेलं असतं, म्हणजे येतं त्या वर्षी. पूर्वी बैलगाडीतून आणि आता छोट्या टेम्पोतून गावच्या वाकळा ओढ्यावर जातात. कोरडी वाकळ तीन-चार किलोंची, पण पाणी प्याली की एकीला उचलत नाही. ती पायानं तुडवायची, धोपाटण्यानं बडवायची, आणि दोघींनी दोन टोकं धरून उलट अंगांनी पिळायची. ज्या जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नाहीत त्यांनाही या दिवशी समोरासमोर उभं राहावं लागतं. त्यांच्या वाकळा लवकर वाळतात, पिळायला जोर चांगला लागतो ना.

मग त्या खडकांवर, बाभळींवर, तारेच्या कुंपणावर पसरल्या की ओढ्याचे दोन्ही काठ रंगून जातात. हे आमचं प्रदर्शन. तिकीट नाही, उद्घाटनाला पाहुणा नाही, पण परीक्षक म्हणाल तर गावातली प्रत्येक बाई. एकेका वाकळेपाशी थांबायचं, टोक उलटं करून टाके बघायचे आणि शेरा मारायचा. 'गोट वाकडा गेलाय गं हिचा.' 'ह्या जांभळ्यानं कशी जान आली बघ.' 'ही तुझ्या भावाच्या लग्नातली साडी न्हवं? इतक्यात फाडलीस?' तासन् तास हे चालतं, आणि एवढ्या वेळात कुठलीही वाकळ उबदार आहे का नाही याबद्दल एक अक्षर कुणी बोलत नाही.

पुढे पानिपतची ब्लँकेटं आली. गुबगुबीत, गुलाबांची, वाघाच्या तोंडाची, चेनवाल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली. लग्नाच्या आहेरात ब्लँकेट, वास्तुशांतीला ब्लँकेट, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला म्हाताऱ्यांना ओळीनं बसवून ब्लँकेट. पानिपतावर आमचा दुसऱ्यांदा पराभव झाला तो असा. यातली गंमत वेगळीच आहे. पुढारी वाटतात तसली स्वस्तातली ब्लँकेटं पानिपतात होतात ती परदेशांतून गठ्ठ्यांनी आलेले जुने लोकरी कपडे यंत्रात पिंजून आणि त्याचं पुन्हा सूत काढून. कुठल्या तरी थंड मुलखातल्या म्हाताऱ्याचा कोट आणि कुण्या मास्तरणीचा स्वेटर त्यात एकत्र नांदतात. म्हणजे तीही वाकळच झाली की. फक्त कुणाचं काय हे आता ओळखता येत नाही, आणि कुठं कुणाच्या दिराचा विषय निघाला होता तेही कळत नाही.

थंडीचा प्रश्न मिटला आणि आमची पंचाईत झाली. आता बोचकं खाली काढलं की विचारणारे भेटतात, 'कशाला डोळे फोडून घेतीस? कपाटात ब्लँकेटं पडलीत न उघडलेली.' खरंच पडली आहेत. गरज होती तोवर हौसेला तिच्या आड बसता येत होतं. गरज उठून गेली आणि हौस एकटीच सोप्यात बसलेली सगळ्यांना दिसायला लागली. दसऱ्याचा ओढाही कमी झाला. मुलानं सात किलोंचं वॉशिंग मशीन आणून बसवलं होतं, तर पहिली वाकळ पोटात गेल्यावर ते थरथरत न्हाणीतून चालत दारापर्यंत आलं. वाकळा पुन्हा ओढ्यावर गेल्या.

काहीजणींनी नवी सबब शोधली आहे, पैशाची. बचत गटांच्या बायका ऑर्डरी घेतात. पुण्याच्या भीमथडी जत्रेत, मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गोधड्यांच्या चळती लागतात. शहरातल्या बायका त्यांवरून हात फिरवतात, नाकाला लावून बघतात आणि भाव पाडून मागतात. मशीनवर गोधडी मारून देणारेही झाले आहेत. सकाळी साड्या टाकायच्या, संध्याकाळी गोधडी तयार. कुणाचं घर चालत असेल त्याला नाव ठेवायचं माझ्या मनात नाही. पण गिऱ्हाइकाची म्हटली की माप त्याचं, रंग त्याचा, तारीख त्याची, आणि वैनींचे टाके त्याला चालायचे नाहीत.

आमची सूनबाई पुण्याची. तिला आत्याबाईंच्या हातची एक वाकळ भारी आवडली. म्हणाली, 'आई, ही फ्रेम करून हॉलमध्ये लावू या.' वाकळ, आणि भिंतीवर! माझा चेहरा बघून तिनं मोबाईल पुढं केला. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं नदीच्या वळणातलं खेडं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, गुलामांच्या नाती-पणती, पिढ्यान्पिढ्या जुन्या कपड्यांच्या वाकळा शिवत आल्या आहेत. 2002 साली त्या वाकळा ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. 2006 साली तिकडच्या पोस्टानं त्यांची तिकिटं काढली. माझ्या वर्गातल्या तिकिटं जमवणाऱ्यांना जमवायला अखेर काहीतरी निघालं म्हणायचं.

ते फोटो मी बोटांनी मोठे करून बराच वेळ बघितले. कामाच्या पॅंटी फाडून केलेल्या काही वाकळांत गुडघ्याजवळ विटलेला भाग तसाच ठेवलेला आहे. खिसा उसवून काढला तिथं गडद चौकोन राहिला आहे. ज्यानं रानातल्या माणसाचं धुणं धुतलंय त्याला हे डाग वाचता येतात. मिसूरी पेटवे नावाच्या बाईनं 1942 साली नवरा वारल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची वाकळ शिवली होती, त्याच्या आठवणीसाठी आणि पांघरायलाही. तिला सबब लागली नव्हती, किंवा लागली असेल तर ती आमच्याहून फार वेगळी होती.

भिंतीचं मात्र मला पटलं नाही. खिळ्याला टांगलेली वाकळ बघून आत्याबाईंनी पहिला प्रश्न विचारला असता, 'घरात वाळत घातलीया?' शेवटी तडजोड होऊन ती पुण्याच्या सोफ्यावर गेली. आता तिकडे सोफ्यावर कुणी बसायला लागलं की सूनबाई म्हणते, 'जरा जपून हं.' त्यामुळे पाहुणे खुर्चीवर बसतात.

इकडे आमच्या यांनी सदरे कुलपात ठेवायला सुरुवात केली आहे. कॉलर जरा विरली की माझी नजर तिथं जाते हे त्यांच्या ध्यानात आलंय. 'अगं, अंगात आहे अजून,' असं म्हणत ते बाजाराला निघतात आणि परत येईपर्यंत मी थांबते. त्यांच्या एका निळ्या पट्ट्यांच्या सदऱ्यावर मी दोन सुग्या टपून आहे. पाठ अजून मजबूत आहे त्याची.

यंदा पाडवा झाला तसं मी बोचकं काढलं. सोप्यात आता फरशी आहे, डोक्यावर पंखा आहे, त्यामुळे भर घालताना आधी पंखा बंद करावा लागतो एवढाच काय तो फरक. तळ पसरून होतोय न होतोय तोच वैनी सुई घेऊन हजर झाल्या.

'ही कुणाला ओ बाई?'

'कुणालाच नाही.'

'नातीला आसंल.'

'तिच्या खोलीला एसी आहे. ती पातळ रजई घेते.'

वैनींनी मान हलवली. मग वाकून मी कोपऱ्यात ठेवलेला पिवळा तिकोन उचलला आणि त्या जागी आपल्या पिशवीतला हिरवा ठेवला.

'पिवळं मरतंय हितं. हिरवं लावा.'

'वैनी, पांघरणारं कुणी नाही, तर हिरवं काय आणि पिवळं काय?'

'पांघरनाऱ्याचं काय घिऊन बसलाय? त्यो तर झोपल्याला आसतोय. त्येला काय दिसतंय?'

यावर मला उत्तर सुचलं नाही, पण पिवळा मी परत ठेवला. त्यांनी हिरवा ठेवला. जाऊबाईंनी मधे पडून जांभळा काढला, तर आम्ही दोघी मिळून त्यांच्यावर गेलो. दिवेलागणीपर्यंत हे चाललं होतं, आणि त्या दुपारचे टाके बघाल तर माझ्या अंगाचेही वैनींएवढेच लांब आलेत.